कोनफ्लॉवर बियांपासून लावायचंय? मग पाण्याचा झारा जरा लांब ठेवा

कोनफ्लॉवर म्हणजे मधोमध काटेरी शंकू असलेलं, वर्षानुवर्षं टिकणारं फुलझाड. पहिल्यांदा त्याच्या बियांचं पाकीट हातात आलं तेव्हा मी ते झेंडूसारखंच पेरलं. आठ दिवस वाट बघितली, काहीच नाही, म्हणून अजून पाणी घातलं, अजून आठ दिवस गेले तरी काहीच नाही, मग तिसऱ्या आठवड्यात "बियाणंच बोगस निघालं" असं म्हणत ट्रे उलटा केला आणि त्या चिखलात दोन पांढरे कोंब दिसले, जेमतेम नखाएवढे. कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या बिया बोटात धरल्या तर नुसता गाळ, सगळ्या कुजलेल्या. म्हणजे बियाणं चांगलं होतं, मीच बुडवून मारलं होतं.

त्यानंतर बऱ्याच वेळा लावलंय आणि आता बऱ्यापैकी जमतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. या झाडाबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: हे दुर्लक्ष केल्याने क्वचित मरतं, लाड केल्याने हमखास मरतं. जास्त पाणी, जास्त खत, जास्त खोल लावणं, रोज उकरून बघणं, एवढं टाळलंत तर अर्धं काम झालं.

याचं शास्त्रीय नाव एकिनेशिया. ग्रीकमध्ये एकिनोस म्हणजे काटेरी हेजहॉग, समुद्रातल्या काटेरी गोळ्यालाही तेच म्हणायचे. फुलाच्या मधला तो शंकू बोटाने दाबून बघा, नाव का पडलं ते लगेच कळेल, चांगला टोचतो. मूळचं उत्तर अमेरिकेतलं, तिथल्या माळरानांवरचं, उघड्या रानातलं. तिथे थंडीत जमीन गोठते, उन्हाळ्यात करपते, गवताशी मारामारी करत वाढावं लागतं. त्यातली एक जात, टेनेसी कोनफ्लॉवर, तर चुनखडीच्या खडकावरच्या अगदी पातळ मातीत वाढते. १९७९ मध्ये ती धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या अमेरिकन यादीत गेली होती आणि जपणूक करून संख्या वाढल्यावर २०११ मध्ये यादीतून बाहेर आली. सांगायचा मुद्दा हा की ज्याचे भाऊबंद खडकावर जगतात त्याला आपण काळीभोर खतावलेली माती आणि रोज दोन तांबे पाणी देतो आणि मग ते का वाकलं, का सडलं म्हणून चिंता करत बसतो.

कुठलं बी घ्यायचं

घरच्या बागेसाठी, आणि पहिल्यांदा करत असाल तर नक्कीच, जांभळं कोनफ्लॉवर घ्या, म्हणजे एकिनेशिया पर्पुरिया. सगळ्यात सोपं हेच. याची मुळं तंतूसारखी पसरतात त्यामुळे रोप इकडून तिकडे हलवलं तरी सहन करतं. बाकीच्या बहुतेक रानटी जाती, फिकट पाकळ्यांची पॅलिडा, बुटकी अँगुस्टिफोलिया, पिवळी पॅराडॉक्सा, या सोटमूळवाल्या आहेत, त्यांना हलवाहलव आवडत नाही आणि उगवायलाही त्या जाम हट्टी. पॅराडॉक्सा मात्र दिसायला फार गोड आहे हो, रानटी जातींत बाकी सगळ्या गुलाबी-जांभळ्या छटा आणि ही एकटी पिवळीधमक. पण ती दुसऱ्या वर्षीच्या प्रयोगासाठी ठेवा.

नावाच्या जातींमध्ये मॅग्नस ही बियांपासून करायला भरवशाची. रानटी कोनफ्लॉवरच्या पाकळ्या खाली लोंबतात, बॅडमिंटनच्या फुलासारख्या. स्वीडनमधल्या मॅग्नस निल्सन यांनी वर्षानुवर्षं आडव्या पसरणाऱ्या पाकळ्यांचीच झाडं निवडत निवडत ही जात तयार केली, आणि १९९८ मध्ये तिला अमेरिकेत पेरेनियल प्लांट ऑफ द इयर म्हणून निवडलं गेलं. पांढरी हवी असेल तर व्हाइट स्वान. पहिल्याच वर्षी फूल बघायची घाई असेल तर पाववाव वाइल्ड बेरी किंवा चेयेन स्पिरिट बघा, दोन्ही बियांपासूनच करायच्या जाती आहेत, लवकर पेरल्या तर त्याच वर्षी फुलू शकतात, आणि चेयेन स्पिरिटच्या एकाच पाकिटातून लाल, केशरी, पिवळी, क्रीम, गुलाबी अशी सरमिसळ निघते. कुठलं रोप कुठल्या रंगाचं हे फुलल्याशिवाय कळत नाही, मला ते आवडतं, ज्यांना बागेत रंगसंगती लागते त्यांना नाही आवडणार.

फोटोत ज्या डबल पाकळ्यांच्या, पोमपोमसारख्या जाती दिसतात त्यांचं बी शोधत बसू नका. बहुतेक वेळा त्यांना धड बी धरत नाही, आणि धरलं तरी त्यातून आईसारखं फूल येईल याची खात्री नाही. त्या तयार रोप आणून लावायच्या जाती.

आधी बी नीट बघा

पाकीट उघडलं की दोन-चार बिया तळहातावर घ्या. चांगली बी साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या आत-बाहेर, चार कडांची, एका टोकाला निमुळती, लहानशा पाचरीसारखी. रंग मळकट पांढरा आणि वरच्या रुंद टोकाजवळ बऱ्याचदा तपकिरी पट्टा. आता ती अंगठ्याच्या नखाखाली हळूच दाबा. भरलेली असेल तर टणक लागते, दबत नाही. पोकळ असेल तर चक्क चपटी होते, आत काहीच नसतं. कोनफ्लॉवरमध्ये पोकळ बिया खूप निघतात, कारण या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत, बी धरायला शेजारी दुसरं झाड लागतं आणि मधमाश्या लागतात. एकट्या झाडाचं कोणी हौसेने बी काढून दिलेलं असलं तर ते बहुतेक पोकळच असणार. दहा बिया दाबून बघा, सात-आठ टणक लागल्या तर पुढे जा.

थंडी दाखवायची की नाही

यावरून प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. खरं असं आहे की जांभळ्या कोनफ्लॉवरला थंडी दाखवलीच पाहिजे असं नाही, न दाखवताही बऱ्याच बिया उगवतात, पण दाखवली तर जास्त उगवतात आणि पुढेमागे उगवण्याऐवजी साधारण एकदम उगवतात. पॅलिडा, पॅराडॉक्सा, अँगुस्टिफोलिया यांना मात्र ओलसर थंडी द्यावीच लागते. कारण सरळ आहे, त्यांच्या मूळ गावी बी शरद ऋतूत पडतं, लगेच उगवलं तर कोवळं रोप बर्फात मरणार, म्हणून बीच्या आत कुलूप असतं आणि एक हिवाळा ओल्या मातीत काढल्याशिवाय ते उघडत नाही. आपल्याला तो हिवाळा फ्रीजमध्ये करायचा आहे.

लक्षात घ्या, ओलसर थंडी. कोरडं पाकीट तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर बी टिकेल, पण कुलूप उघडणार नाही.

मी असं करतो. मूठभर बारीक वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्यायचं, पाणी शिंपडून कालवायचं आणि मुठीत घट्ट पिळायचं. पिळल्यावर गोळा व्हायला हवा पण बोटांच्या फटीतून एकही थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर अजून कोरडं मिसळा. मी सुरुवातीला टिश्यू पेपर वापरायचो आणि तो चांगला निथळत असायचा, परिणाम असा की चौथ्या आठवड्यात पिशवी उघडली तर आत राखाडी बुरशीची शाल. त्या शालीसकट सगळं फेकलं. तर ओल म्हणजे ओलसरपणा, पाणी नाही. या मिश्रणात बिया कालवून झिपवाल्या पिशवीत भरायच्या, पिशवीत थोडी हवा राहू द्यायची, वर तारीख आणि जात लिहायची (लिहाच, तुम्हाला वाटतं लक्षात राहील, नाही राहत), आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही. तापमान १ ते ५ अंश सेल्सियस चालतं. जांभळ्याला ४ आठवडे पुरे, हट्टी जातींना ८ ते १२ आठवडे. आठवड्यातून एकदा पिशवी बाहेर काढून डोकावायचं, एखाद्या बीला पांढरं टोक दिसायला लागलं तर थांबू नका, तेवढ्या लगेच पेरून टाका. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ती मळकट पिशवी कचरा नाही.

जिथे हिवाळ्यात खरंच बर्फ पडतो किंवा जमीन गोठते तिथे हा सगळा खटाटोप नकोच. थंडी सुरू होता होता, जमीन गोठायच्या आधी, वाफ्यात तण काढून बिया टाका, वर हलकी माती, पायाने दाबा आणि विसरून जा, बाकी हिवाळा करेल. फक्त पक्षी आणि उंदीर आपला वाटा घेतात म्हणून जरा सढळ हाताने टाका. किंवा दुसरी युक्ती, मोठा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन मधोमध कापायचा, एका बाजूला बिजागरीसारखा थोडा भाग जोडलेला ठेवायचा, तळाला भोकं पाडायची, हातभर नको पण चार बोटं माती भरायची, बी पेरून झाकण बंद, वरचं बूच काढून टाकायचं आणि तो कॅन हिवाळाभर उघड्यावर. बर्फ-पाऊस वरून आत जातो, उंदीर जात नाही, आणि ऊब आली की आपोआप उगवतं.

पेरणी

ट्रे किंवा छोट्या कुंड्या, काहीही चालेल, तळाला भोकं हवीत म्हणजे हवीतच. माती बागेतली नको, ती ट्रेमध्ये दगड होते. अर्धं कोकोपीट, बाकी अर्ध्यात परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू आणि थोडंसं चाळलेलं गांडूळखत, एवढं बास. पेरायच्या आधी मिश्रण ओलं करून घ्या, पेरल्यावर वरून धार सोडली तर बिया एका कोपऱ्यात पोहत जातात.

खोली हा दुसरा घोळ. बी वर ठेवून बोटाने हलकेच दाबायचं आणि वर जेमतेम बी झाकली जाईल एवढाच थर, ३ मिलिमीटरच्या आसपास. बियांवर थोडा उजेड पडला तर बिघडत नाही, उलट उगवणीला मदतच होते, पण अगदी उघडी ठेवली तर वरून सुकते म्हणून हा पातळ थर. वाळू भुरभुरवली तरी चालते, मी हल्ली तेच करतो, बुरशीपण कमी धरते. एका खणात दोन बिया टाका.

उगवायला २० ते २४ अंश तापमान छान. अगदी थंड जागेत आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तीस-पस्तीसच्या वर कडक उन्हात ठेवलेल्या ट्रेमध्ये बी उगवायच्या आधी शिजते. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे पेरणीला तोच काळ धरा, जिथे कडाक्याचा असतो तिथे शेवटचं गोठवणारं दंव पडायच्या ८ ते १० आठवडे आधी घरात पेरा. ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक टाका म्हणजे ओल टिकते, पण पहिला कोंब दिसला रे दिसला की काढून टाका.

मग वाट बघायची. १० ते २० दिवस. काही बिया महिन्याने येतात. माझा नियम असा आहे की पाच आठवडे होईपर्यंत ट्रेला हात लावायचा नाही, उकरायचं तर नाहीच नाही. वरचा थर फिका दिसायला लागला तर स्प्रेने ओलवा किंवा त्याहून चांगलं म्हणजे ट्रे खालच्या ताटलीतल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग उचलून निथळू द्या. ताटलीत पाणी कायमचं ठेवणं म्हणजे परत माझा पहिला ट्रे.

कोंब आल्यावर

पहिली जी दोन गुळगुळीत लंबगोल पानं येतात ती बीचीच, त्यावरून काहीच ओळखता येत नाही. तिसरं पान येऊ द्या. ते लांब देठावर येतं, चमच्यासारखं, त्यावर बारीक लव असते आणि बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं, देठापासून तीन शिरा लांबवर गेलेल्या दिसतात. हा खरखरीतपणा लक्षात ठेवा, कारण वाफ्यात थेट पेरलं असेल तर तण कुठलं आणि आपलं कुठलं हे यानेच ओळखायचं. एका वर्षी मी भल्या पहाटे मोठ्या उत्साहाने खुरपणी केली आणि आपलीच अकरा रोपं उपटली. तेव्हापासून वाफ्यात बी टाकताना सरळ रेघ ओढून रेघेवरच टाकतो, रेघेबाहेरचं सगळं तण.

या वयात सगळ्यात मोठा धोका म्हणजे रोपं कोलमडणं. काल संध्याकाळी छान उभी होती आणि सकाळी आडवी, देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक झालेला. ही मातीतली बुरशी, आणि तिला ओल, दाटी आणि कोंडलेली हवा आवडते. एकदा आडवं झालेलं रोप परत उठत नाही, त्यावर औषध शोधत वेळ घालवू नका, शेजारची वाचवा: पाणी तोडा, ट्रे मोकळ्या हवेत ठेवा, बारीक पंखा लावता आला तर उत्तम. खणात दोन आली असतील तर अशक्त असेल ते कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, उपटलं की दुसऱ्याची मुळं पण निघतात.

उजेड भरपूर हवा. खिडकीत ठेवलेली रोपं काचेकडे मान लांब करून बघत बसली असतील तर त्यांना उजेड कमी पडतोय. ग्रो लाइट (रोपांसाठीचा खास दिवा) असेल तर रोपांच्या वर वीतभरापेक्षा कमी अंतरावर टांगून दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवा. खत या वेळी जवळजवळ नकोच, तीन-चार खरी पानं झाली की पातळ द्रवखत, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने, पंधरा दिवसातून एकदा. बास.

जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत

तीन-चार खरी पानं आली आणि मुळांनी खण भरला की हलवायचं. पण सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात नेलं तर पानं भाजून पांढरी पडतात, म्हणून आठ-दहा दिवस सवय लावा, पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं थोडं वाढवत.

जागा अशी हवी जिथे रोज सहा तास तरी ऊन येतं. फार कडक उन्हाळ्याच्या ठिकाणी दुपारनंतर सावली आली तर झाड खूशच होतं, पाकळ्यांचा रंगही जास्त दिवस टिकतो. माती कसलीही चालते, फक्त पाणी साचणारी नको. खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता, तासाभराने बघा, पाणी तसंच असेल तर ती जागा सोडा किंवा वाफा वीतभर उंच करा. धो धो पावसाच्या ठिकाणी मी तर म्हणेन वाफा उंचच करा, विचार करत बसू नका. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर. आता ते केवढंसं दिसतं आणि मधली मोकळी जागा बघून हात शिवशिवतात, पण मोठं झालेलं झाड कमरेपर्यंत येतं आणि दाटी झाली की पानांवर भुरी येते. मधे काहीतरी हंगामी फुलं लावून टाका.

लावताना सगळ्यात महत्त्वाचं, जिथून पानं फुटतात तो गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. टोमॅटोची रोपं खोल लावायची सवय असते ना, ती इथे विसरायची. गाभा मातीत गाडला गेला की पाणी त्यात साचतं आणि झाड आतून सडतं, वरून मात्र आठवडाभर हिरवं दिसतं. पालापाचोळ्याचं आच्छादन घालत असाल तर तेही गाभ्यापासून चार बोटं लांब. कुंडी असेल तर निदान ३० सेंटीमीटर खोल घ्या, सोटमूळवाल्या जातींना त्याहून जास्त.

पाणी पहिले काही आठवडे नियमित, वरची दोन बोटं माती सुकली की. एकदा नवीन पानं जोमाने यायला लागली की कमी करत न्या. आणि शेणखत, कंपोस्ट एकदा मातीत मिसळलं की वर्षभर परत नाही दिलं तरी चालतं. जास्त नत्र मिळालं की हे झाड ताडमाड वाढतं, देठ मऊ होतात, एका पावसात आडवं. मग काठ्या बांधत बसा.

पहिलं वर्ष कंटाळवाणं असतं

हे आधीच सांगतो म्हणजे निराश होणार नाही. पहिल्या वर्षी बऱ्याच वेळा नुसता जमिनीलगत पानांचा झुबका होतो, फूल नाही की कळी नाही. झाड मुळं करत असतं. शेजारची झिनिया फुलून, सुकून, बी होऊन जाते आणि हे आपलं तसंच. एखादं लवकर पेरलेलं रोप फुलतंही, आणि फुललं तर मजा घ्या, पण खरी फुलं दुसऱ्या वर्षापासून.

यात दिवसाच्या लांबीचाही भाग आहे, तो फारसं कोणी सांगत नाही. जांभळं कोनफ्लॉवर सगळ्यात चांगलं फुलतं ते दिवस साधारण १३ ते १५ तासांचा असला की. छोट्या दिवसांत ते झुबक्यातच बसून राहतं. म्हणून थंडीत पेरलेलं रोप चार महिने नुसतं बसलं तर त्यात तुमची काही चूक नाही, दिवस मोठे होऊ द्या. आणि जिथे वर्षभर दिवस फारसे लहानमोठे होत नाहीत तिथे फुलं कमी येतात, तिथे कुंडीजवळ संध्याकाळी काही तास दिवा लावून दिवस लांबवायची युक्ती कामी येते.

कडक थंडीत वरचं सगळं वाळून जातं, ते मेलं असं समजून उपटू नका. उन्हाळ्याची चाहूल लागली तरी हे उशिराच जागं होतं, शेजारची सगळी झाडं हिरवी झाल्यावर. तिथे एक काडी रोवून ठेवा नाहीतर रिकामी जागा समजून तुम्हीच फावडं माराल.

फुलताना आणि बिघडताना

फूल उमलतं ते बघण्यासारखं असतं, घाई करू नका, रोज जाऊन बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती नुसती जाहिरात आहे, त्यांना बी धरत नाही. खरी फुलं त्या शंकूवर असतात, शेकडो, मोहरीएवढी, आणि ती बाहेरच्या कडेपासून आत उमलत जातात. त्यामुळे शंकूवर परागकणांचं एक पिवळं कडं दिसतं आणि दर दिवसाला ते कडं थोडं वर सरकतं. मधमाशी फुलावर उतरली की ती बरोबर त्या कड्यावरूनच गोल गोल फिरते, मधल्या टोकावर वेळ घालवत नाही. कडं टोकाला पोचलं की फूल संपलं, पण पाकळ्या तरी अजून कितीतरी दिवस तशाच असतात. सुकलेली फुलं खालच्या पानापर्यंत कापत राहिलात तर नवीन कळ्या येत राहतात.

रोगराई कमी आहे. भुरी दिसली तर खालची पानं काढा, हवा खेळू द्या, पाणी पानांवर नको बुंध्याला द्या. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा. कोवळ्या रोपांना गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन वेचणे हाच उत्तम उपाय. पण एक गोष्ट गंभीर आहे, ती ओळखायला शिका. पाकळ्या हिरव्या पडल्या, शंकूतून पानांचे झुबके निघाले, फूल वेडंवाकडं आणि सगळं झाडच पिवळट-खुरटं दिसायला लागलं तर तो अॅस्टर यलोज. फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जिवामुळे होतो, तुडतुडे एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि याला औषध नाही. झाड मुळासकट काढा, जीव तुटला तरी काढा, नाहीतर शेजारची शेवंती-झेंडूपण जातील. आता याच्यासारखंच दिसणारं पण किरकोळ प्रकरण म्हणजे एक बारीक कोळी (माइट), जो फुलाच्या आत राहतो. त्यात फक्त शंकूवर खरबरीत तुरे येतात, बाकी झाड ठणठणीत असतं. मग फक्त ती फुलं कापून पिशवीत बांधून टाका. झाड उपटायच्या आधी पानं नीट बघा, एवढंच.

स्वतःचं बी

दुसऱ्या वर्षी चार-पाच फुलं झाडावरच राहू द्या. शंकू काळपट झाला, देठ वाळला, हात लावल्यावर कडकडीत वाजायला लागला की तयार. जाड हातमोजे घाला, मी नाही घातले एकदा आणि संध्याकाळभर बोटातले काटे उपसत बसलो. शंकू कागदी पिशवीत टाकून आठ-दहा दिवस सावलीत सुकवा, मग झाकणाच्या बरणीत दोन गुळगुळीत दगडांसोबत घालून खळाखळा हलवा. शंकू फुटतो, आत काटे, भुसा आणि बिया सगळं एकत्र. ते पसरट ताटात घेऊन हलकी फुंकर मारा, भुसा आणि पोकळ बिया उडतात, जड त्या राहतात. मग परत तेच, नखाखाली दाबून बघायचं. माझ्या एकुलत्या पांढऱ्या झाडाच्या दोन शंकूंतून एका वर्षी मूठभर बिया निघाल्या आणि त्यातल्या टणक फक्त सहा. पुढच्या वर्षी शेजारी दुसरं लावलं तर ताट भरून टणक बिया. फक्त त्यातून आलेल्या काही रोपांना गुलाबी फुलं आली, कारण ते दुसरं झाड जांभळं होतं.

कागदी पाकिटात, कोरड्या थंड जागी ठेवलेलं बी दोन-तीन वर्षं सहज चालतं. सगळे शंकू मात्र काढू नका, चार तसेच झाडावर सोडा. बारक्या पक्ष्यांना या बिया फार आवडतात, शंकूवर उलटे लटकून खातात, आणि खाताना जेवढ्या सांडतात त्यातून पुढच्या वर्षी वाफ्याबाहेर, भलत्याच ठिकाणी, फरशीच्या फटीत वगैरे, दोन-तीन खरखरीत पानांची रोपं दिसतात. माझ्याकडचं सगळ्यात दणकट झाड असंच फटीतलं आहे, त्याला मी आजवर एकदाही पाणी घातलेलं नाही.